हाताने करून, डोळ्याने पाहून रसायनशास्त्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रसायनशास्त्र पहिल्यांदाच शिकवणारे शिक्षक आणि घरी मुलांना घेऊन बसणारे पालक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकच गोष्ट दोनदा लिहायला नको म्हणून जिथे संबंध येतो तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल.

१. मुलांना प्रयोग करून दाखवले की झालं ना? यात वेगळं काय आहे?

नाही झालं. हे मी स्वतः ठेच लागून शिकले. खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओतून फेसाचा ज्वालामुखी मी कितीतरी वर्गांना दाखवला. टाळ्या पडायच्या. मग एकदा दोन आठवड्यांनी विचारलं, त्या फेसात कोणता वायू होता आणि तो आला कुठून? निम्मा वर्ग गप्प. ज्वालामुखीला कोणता रंग दिला होता ते मात्र सगळ्यांना आठवत होतं.

ग्लासगो विद्यापीठातल्या ॲलेक्स जॉनस्टोन यांनी १९९१ मध्ये या अडचणीची नेमकी मांडणी केली. रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर चालतं. एक डोळ्यांना दिसणारी: फेस, रंग, साका. दुसरी न दिसणाऱ्या कणांची. तिसरी चिन्हांची: सूत्रं आणि समीकरणं. शिकवणाऱ्याची या तिन्हींत सतत ये-जा चालू असते आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. मूल मात्र एकतर फेसातच रमतं नाहीतर चिन्हं पाठ करत बसतं, आणि मधली कणांची पातळी कोरीच राहते.

म्हणून आमच्या वहीत प्रत्येक प्रयोगाला तीन रकाने असतात: काय दिसलं, कणांचं काय झालं असेल (चित्र काढून), आणि चिन्हांत कसं लिहायचं. मधला रकाना रिकामा असेल तर तो प्रयोग झाला असं आम्ही धरत नाही.

२. कितव्या वर्षापासून सुरुवात करावी?

विरघळणं, गाळणं, रंग वेगळे करणं हे सात-आठ वर्षांचं मूल मजेत करतं. कणांची भाषा मात्र अकरा-बारानंतर आणावी, आणि सूत्रं त्याच्याही नंतर. मोठ्यांनी पहिल्यांदाच शिकायचं असेल तरी क्रम हाच ठेवावा.

३. प्रयोगशाळा नाही. कमीत कमी काय सामान लागेल?

व्हिनेगर, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, मीठ, लाल कोबी, स्टीलवूल (लोखंडाच्या बारीक तारांचा पुंजका), फुगे, पारदर्शक बाटल्या, मोजपात्र, ड्रॉपर, थर्मामीटर, दोन-तीन रंगांची माती, काड्या. यावर पहिलं वर्ष सहज निघतं. एका गोष्टीवर खर्च करायचाच असेल तर ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या वजनकाट्यावर करा. १ ग्रॅमच्या काट्यावर बरेच प्रयोग दिसायच्या आत संपतात.

लाल कोबीचं पाणी तर एकटंच महिनाभर पुरतं. त्यातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लालगुलाबी, उदासीन द्रावणात जांभळं, खाण्याच्या सोड्यात निळसर आणि धुण्याच्या सोड्यात हिरवं दिसतं. प्लॅस्टिकच्या पारदर्शक कागदावर थेंब-थेंब टाकून करा. कागदाखाली रकाने आखलेला पांढरा कागद ठेवला की निरीक्षणाचा तक्ता आपोआप तयार होतो आणि सांडलवंडही होत नाही. मोठ्या वर्गाला हीच थेंबांची पद्धत सोयीची: पन्नास मुलं असली तरी प्रत्येकाच्या हातात स्वतःचा प्रयोग असतो.

४. आधी संकल्पना समजावायची की आधी प्रयोग?

आधी अंदाज. सामान समोर मांडायचं, काय करणार ते सांगायचं आणि प्रत्येकाला काय होईल ते वहीत लिहायला लावायचं, कारणासकट. मग प्रयोग. मग अंदाज आणि निरीक्षण यांचा मेळ का बसला किंवा का बसला नाही, यावर बोलायचं. अंदाज तोंडी घेऊ नका. तोंडी अंदाज निकाल लागताच बदलतात. "मी हेच म्हणत होतो" म्हणणारे दहा जण निघतात!

उदाहरण सांगते. ५० मिली पाणी आणि ५० मिली अल्कोहोल एकत्र केलं तर किती होईल? सगळे १०० लिहितात. मोजपात्रात ९६-९७ मिलीच्या आसपास भरतं. मुलं आधी म्हणतात सांडलं, मग म्हणतात उडून गेलं. वजन करून पाहिलं तर वजन तेवढंच. इथे ती स्वतःहून कणांकडे वळतात: दोन प्रकारचे रेणू एकमेकांना ओढून घेऊन, वेगवेगळे असताना बसायचे त्यापेक्षा दाटीने बसत असणार. हे मी आधीच सांगून टाकलं असतं तर कुणी मोजपात्राकडे वाकून पाहिलंही नसतं.

५. कणांची चित्रं काढायला सांगितली की मुलं काहीही काढतात. कुठून सुधारू?

"काहीही" नसतं ते. त्या चित्रांतच खरा खजिना आहे. माझ्या संग्रही असलेल्या चित्रांत वारंवार दिसणाऱ्या चुका अशा: पाण्याचे रेणू निळे, बर्फाचे रेणू टोकदार, तापवल्यावर रेणू फुगलेले, तांब्याचा एकेक अणू तांबूस. वस्तूचा गुण कणालाही असतो असं धरून चाललं की हे होतं. रंग, कडकपणा, वितळणं हे पुष्कळ कण एकत्र आल्यावरचे गुण आहेत. एकट्या अणूला वितळता येत नाही. तापवल्यावर कण मोठे होत नाहीत, त्यांची हालचाल वाढते आणि बहुतेक वेळा त्यांच्यातलं अंतर वाढतं.

दुसरी मोठी चूक म्हणजे कणांच्या मधली जागा. "मध्ये काय आहे?" विचारा. "हवा" हे उत्तर हमखास येतं. मग विचारायचं, ती हवा कशाची बनली आहे? तिच्या कणांच्या मध्ये काय? दोन-तीन पायऱ्या उतरल्यावर कुणीतरी दबकत म्हणतं, "काहीच नाही?" तो क्षण घाईत घालवू नका.

तिसरी चूक मुलांची नाही, आपली आहे. स्थायू, द्रव, वायू अशी तीन चौकटींची जी चित्रं सगळीकडे छापलेली असतात, त्यांत द्रवाचे कण स्थायू आणि वायू यांच्या बरोबर मधल्या अंतरावर काढलेले असतात. ते चूक आहे. द्रवाचे कणही एकमेकांना टेकलेलेच असतात, फक्त रांग मोडलेली असते. बर्फ वितळून पाणी होताना तर आकारमान उलट कमी होतं. खरी झेप वायूत आहे: १८ मिली पाण्याची १०० अंशांना वाफ झाली की ती सुमारे ३० लिटर जागा व्यापते. १८ मिलीचं झाकण आणि शेजारी एक लिटरच्या तीस रिकाम्या बाटल्या रांगेने मांडून ठेवा. माझ्या वर्गात त्या रांगेपुढे चित्रातली चौकट कुणी पुन्हा चुकीची काढली नाही.

६. अणूंची मॉडेलं कशाची करावीत? रंग ठरलेले असतात का?

माती आणि काड्या उत्तम, तयार संच मिळाला तर सोय. रंगांचा संकेत असा: कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा. हे रंग जुने आहेत. १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हॉफमान यांनी क्रोके नावाच्या खेळातल्या लाकडी चेंडूंना रंग देऊन, काड्यांनी जोडून रेणू दाखवले, तेव्हाचे. त्यांचं मिथेन मात्र सपाट होतं, चारही हायड्रोजन एकाच पातळीत. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या आकाराच्या) चार टोकांकडे जातात ही कल्पना १८७४ मध्ये व्हांट हॉफ आणि ल बेल यांनी स्वतंत्रपणे मांडली. ही गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगते: नावाजलेल्या शास्त्रज्ञाचं मॉडेलही नऊ वर्षांत दुरुस्त झालं.

रेणूचा आकार समजायला फुग्यांसारखं साधन नाही: एक फुगा म्हणजे एक बंध. सारख्या आकाराचे दोन फुगे देठाशी बांधले तर एका रेषेत राहतात, तीन बांधले तर १२० अंशांवर पसरतात. चार बांधून टेबलावर सपाट दाबून धरा आणि सोडा. ते स्वतःच उसळून चतुष्फलक करतात, १०९.५ अंश. कुणी शिकवावं लागत नाही. पाण्यासाठी चारपैकी दोन फुगे वेगळ्या रंगाचे आणि जरा जास्त फुगवलेले घ्या. हे दोन फुगे म्हणजे बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉन जोड्या. त्या उरलेल्या दोघांना आत ढकलतात, म्हणून पाण्यातला कोन १०४.५ अंश.

७. पण मॉडेलमुळे चुकीच्या कल्पना बसत नाहीत का?

बसतात. प्रत्येक मॉडेल कुठेतरी खोटं बोलतं. म्हणून मॉडेल बनवून झालं की आमचा ठरलेला प्रश्न असतो: "हे कुठे खोटं बोलतंय?" मुलांना यात फार मजा येते, मोठ्यांची चूक पकडल्यासारखी.

काडी म्हणजे बंध नव्हे. दोन अणूंच्या मध्ये अशी काही वस्तू नसते. अणूची कड मातीच्या गोळ्यासारखी कापलेली नसते. मापाचं तर विचारूच नका: केंद्रक १ सेंमीच्या गोटीएवढं धरलं तर अणू सुमारे १ किलोमीटर रुंदीचा होईल. पुस्तकातलं, केंद्रकाभोवती ग्रहांसारखे फिरणारे इलेक्ट्रॉन असलेलं चित्र या मापाने कोणत्याच पानावर मावणार नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ मिठाच्या मॉडेलने होतो. एक सोडियम, एक क्लोरीन, मध्ये काडी असं केलं की "मिठाचा रेणू" तयार होतो, जो मिठाच्या खड्यात नसतोच. तिथे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, असतात: प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन असतात आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. निदान २७ गोळ्यांचा, तीन बाय तीन बाय तीनचा घन करा. काड्या नकोतच, गोळे नुसते चिकटवा. मग "यातला रेणू दाखव" म्हणा आणि मुलांना शोधत बसू द्या.

८. समीकरण संतुलित करताना मुलं सूत्रातले आकडेच बदलतात. काय करू?

हातात अणू द्या. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी हे मातीच्या गोळ्यांनी करायला सांगा. हायड्रोजनची एक जोडी, ऑक्सिजनची एक जोडी. एक पाणी झालं आणि एक ऑक्सिजन हातात उरला. आता मूल काय करतं ते पाहा. काही जण तो उरलेला ऑक्सिजन त्याच पाण्याला चिकटवतात. चिकटवू द्या, आणि मग सांगा की हे पाणी राहिलं नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, ज्याने कपड्याचा रंग उडतो. सूत्रातला खालचा आकडा बदलला की पदार्थच बदलतो हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही. उरलेल्या ऑक्सिजनला वापरायचं तर हायड्रोजनची आणखी एक जोडी आणावी लागते, म्हणून समीकरणात पुढे २. तुटलेल्या जोड्यांचा एकही गोळा टेबलावर सुटा उरता कामा नये, एवढा एकच नियम.

९. मोल ही कल्पना दाखवता येते का? आकडा ऐकूनच मुलं हात टेकतात.

आकड्याने सुरुवात करू नका. वजनाने मोजणं आधी. एका डब्यात पुष्कळ सारखे स्क्रू, दुसऱ्यात सारखे नट. दहा-दहाचं वजन करून द्या आणि न मोजता, फक्त काट्यावर, दोन्ही ३०० काढायला सांगा. संख्या सारखी पण वजनं वेगळी. मोल याहून वेगळा नाही: तीही कणांची एक ठरलेली संख्याच. मग १८ ग्रॅम पाणी, ५८.५ ग्रॅम मीठ, ५६ ग्रॅम लोखंडाचे खिळे वेगवेगळ्या बरण्यांत भरून शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येक बरणीत एक मोल.

आकडा शेवटी सांगा: २०१९ पासून तो व्याख्येनेच पक्का केलेला आहे, ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात. तो केवढा ते थेंबावर दाखवा. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिली. जगातल्या ८०० कोटी माणसांनी प्रत्येकी दर सेकंदाला एक रेणू मोजला, झोप-जेवण सोडून, तरी त्या एका थेंबातले रेणू मोजायला साडेसहा हजार वर्षं लागतील. हा हिशोब मुलांनाच करू द्या. उत्तर चुकलं असेल असं वाटून ती दोनदा पडताळून पाहतात.

१०. फुग्याचा प्रयोग छान होतो, पण त्यातून गणित कसं शिकवू?

माझा सर्वांत आवडता प्रयोग हा, त्यामुळे उत्तर लांबणार.

पाच सारख्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत ५ टक्क्यांचं व्हिनेगर ५० मिली. पाच फुग्यांत अनुक्रमे १, २, ३, ४, ५ ग्रॅम खाण्याचा सोडा. फुगे बाटल्यांच्या तोंडावर चढवायचे, पण सोडा अजून आत पाडायचा नाही. प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे अंदाज लिहून घ्या. जवळजवळ सगळे "पाचवा सर्वांत मोठा" लिहितात. मग पाचही फुगे एकदम उभे करा. थोडं हलवा, फेस बसेपर्यंत थांबा.

पहिला लहान, दुसरा त्याच्या दुप्पट, तिसरा तिप्पट. चौथा तिसऱ्यापेक्षा किंचित मोठा. पाचवा चौथ्याएवढाच! फुग्यांच्या घेरावर दोरा गुंडाळून मोजा, कारण "मला पाचवा मोठा वाटतो" म्हणणारे असतातच.

का झालं असं? ५० मिली व्हिनेगरमध्ये साधारण २.५ ग्रॅम ॲसेटिक आम्ल असतं. एका मोलचं वजन ६० ग्रॅम, म्हणजे हे ०.०४२ मोल. सोड्याच्या एका मोलचं वजन ८४ ग्रॅम, आणि दोघांचं प्रमाण एकास एक, म्हणून ३.५ ग्रॅम सोड्यालाच आम्ल पुरतं. तीन ग्रॅमपर्यंत सोडा आधी संपतो, चारपासून आम्ल आधी संपतं. जो आधी संपतो तोच किती वायू निघणार ते ठरवतो. दर ग्रॅम सोड्यामागे पाव लिटरहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, हेही फुग्याच्या आकारावरून पडताळता येतं. थोडा वायू पाण्यात विरघळून राहतो, तेवढी तूट धरा.

इथे एक खाच आहे. "पाचव्या बाटलीत तळाशी सोडा उरलेला दिसेल" असं सांगू नका. मी सांगितलं होतं, आणि दिसला नाही. उरलेला दीड ग्रॅम तेवढ्या पाण्यात आरामात विरघळतो. तो आहे हे दाखवायचं तर पाचव्या बाटलीत चमचाभर व्हिनेगर ओता, पुन्हा फसफसेल. पहिल्या बाटलीत ओता, काही होणार नाही. तिच्यात चिमूटभर सोडा टाकल्यावर फसफसेल. कोणत्या बाटलीत काय उरलं हे मुलांनीच अशा चाचणीने शोधावं. मुख्य प्रयोगापेक्षा मुलं यातच जास्त गुंगतात.

११. फुगा लावून तोंड बंद केलं तरी काट्यावर वजन कमी का भरतं? वस्तुमान तर अक्षय्य असतं ना?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी खरंच वजन केलेलं असतं, म्हणून मला फार आवडतो. गळती नसेल तरी वजन घटतं. फुगा फुगताना बाहेरची हवा बाजूला सारतो, आणि तेवढ्या हवेच्या वजनाइतका वरचा रेटा त्याला मिळतो, पाण्यात बुडवलेल्या चेंडूसारखा. एक लिटर हवेचं वजन सुमारे १.२ ग्रॅम, म्हणून लिटरभर फुगलेल्या फुग्यात काटा तेवढा कमी दाखवतो. वस्तुमान कुठेही गेलेलं नसतं.

सुरुवातीच्या वर्गासाठी फुगा वापरूच नका. फसफसणाऱ्या पेयाची एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या, थोडं व्हिनेगर, आणि टिश्यूच्या पुडीत २ ग्रॅम सोडा. पुडी टाकून झाकण पटकन घट्ट करा. बाटली ताठ असते, आकार फारसा बदलत नाही, वजनही बदलत नाही. मग झाकण हळूच सैल करा: फुस्स, आणि काटा अर्ध्या ग्रॅमहून जास्त खाली. सोडा २ ग्रॅमपेक्षा जास्त घालू नका आणि काचेची बाटली तर कधीच घेऊ नका.

१२. पाण्यात मेणबत्ती लावून वर ग्लास पालथा घातला की पाणी चढतं. म्हणजे ऑक्सिजन एकपंचमांश, हे सिद्ध झालं ना?

नाही. मीही काही वर्षं हेच शिकवत होते, हे कबूल करते. मेणबत्ती विझते तेव्हा ग्लासात ऑक्सिजन बराच उरलेला असतो, सुमारे १६ टक्के. पाणी चढतं ते मुख्यतः तापलेली हवा विझल्यावर थंड होऊन आकसते म्हणून. नीट पाहिलंत तर पाणी जळताना हळूहळू चढत नाही, विझल्यानंतर झपकन चढतं. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा: ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढतं.

एकपंचमांश दाखवायचाच असेल तर स्टीलवूल घ्या. व्हिनेगरमध्ये मिनिटभर बुडवून झटका, म्हणजे वरचा तेलाचा थर जातो. परीक्षानळीच्या तळाशी कोंबा, नळी पाण्यात पालथी उभी करून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. लोखंड गंजताना ऑक्सिजन धरतं, आणि पाणी नळीत सुमारे एकपंचमांश चढून थांबतं. आग नाही, घाई नाही, आकडाही खरा.

१३. मीठ पाण्यात विरघळणं भौतिक बदल की रासायनिक?

परीक्षेत भौतिक लिहा. वर्गात मात्र सांगा की ही कुंपणं आपण घातलेली आहेत. आयनांचं जाळं मोडतं, प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात. बरंच काही बदलतं. वादात पडण्यापेक्षा चित्र काढायला लावा (प्रश्न ५).

१४. "बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते" हे मुलांच्या डोक्यातून कसं काढू?

दोन चुंबक चिकटवून द्या आणि ओढून वेगळे करायला सांगा. जोर कुणी लावला? तुम्ही. पुन्हा जवळ आणा: खट्कन चिकटतात, आवाज येतो. ऊर्जा तोडताना लागते, जुळताना सुटते. अभिक्रियेत दोन्ही होतं, आणि जमाखर्चात काय उरतं त्यावर ती तापते की गारठते ते ठरतं. सोडा-व्हिनेगरमध्ये थर्मामीटर बुडवून ठेवा, पारा काही अंश खाली येतो. "रासायनिक अभिक्रिया म्हणजे उष्णता" हा समज त्याच टेबलावर मोडतो.

१५. रासायनिक समतोल म्हणजे सगळं थांबलं असंच मुलांना वाटतं.

सारख्या आकाराची दोन मोजपात्रं, एक पाण्याने भरलेलं, एक रिकामं. दोन वेगवेगळ्या जाडीच्या नळ्या. जाड नळी भरलेल्या पात्रात तळापर्यंत बुडवायची, वर अंगठा दाबून उचलायची, दुसऱ्यात सोडायची. त्याच वेळी दुसरं मूल बारीक नळीने उलट दिशेला. एक नळी म्हणजे पुढची अभिक्रिया, दुसरी म्हणजे उलटी. प्रत्येक फेरीनंतर दोन्ही पातळ्या लिहा. काही वेळाने पातळ्या बदलायच्या थांबतात, पण हात चालूच असतात. आणि दोन्ही पातळ्या सारख्या नसतात! समतोल म्हणजे निम्मं-निम्मं हा दुसरा गैरसमजही त्याच फटक्यात जातो. मग एकात अचानक जास्तीचं पाणी ओता आणि पुढे चालू ठेवा.

१६. सगळं सिम्युलेशनवर दिसतं. हाताने कशाला करायचं?

जिथे हात पोचत नाही तिथे सिम्युलेशन हवंच: वायूचे कण, अणूची रचना, द्रावणातले आयन. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये कार्ल वीमन यांनी सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पाची सिम्युलेशन्स मोफत आहेत, बरीच मराठीतही आहेत. पण पडद्यावर प्रयोग कधी फसत नाही, फुगा कधी गळत नाही. मी आधी खरा प्रयोग करते, मग चित्र काढून घेते, आणि शेवटी सिम्युलेशन उघडून ते चित्राशी ताडून पाहायला लावते. उलट केलं की मुलं पडद्यावरचं चित्र नुसतं उतरवून काढतात. सिम्युलेशनलाही प्रश्न ७ मधला प्रश्न विचाराच.

१७. पाण्याच्या विद्युत अपघटनात वायूंचं प्रमाण २:१ येत नाही. कुठे चुकतंय?

बहुधा तुमचं काही चुकत नसतं. पेन्सिलीतलं ग्राफाइट वापरलं असेल तर थोडा ऑक्सिजन त्या कार्बनशीच संयोग करतो, थोडा पाण्यात विरघळतो, म्हणून ऑक्सिजन हायड्रोजनच्या निम्म्यापेक्षा कमी भरतो. पहिली काही मिनिटं वायू गोळा न करता जाऊ द्या, मग आकडा सुधारतो.

मीठ घातलं असेल तर मात्र थांबा. मिठाच्या द्रावणात धनाग्रावर क्लोरीन निघतो, आणि तो विषारी आहे. मिठाऐवजी एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घाला. त्यात लाल कोबीचं पाणी मिसळलं तर ऋणाग्राभोवती हिरवा आणि धनाग्राभोवती गुलाबी ढग उमटतो. वीज ९ व्होल्टच्या बॅटरीचीच. सॉकेटची नाही, कोणत्याही कारणाने नाही.

१८. सुरक्षिततेचं काय? कोणते प्रयोग अजिबात करू नयेत?

सुरक्षेचा चष्मा प्रत्येक प्रयोगाला, व्हिनेगर असलं तरी, म्हणजे सवय लागते. चाखून काहीही पाहायचं नाही. कपडे पांढरे करायचं ब्लीच आम्लात मिसळलं की क्लोरीन, अमोनियात मिसळलं की क्लोरामाइन. दोन्ही वायू घातक. हे प्रयोग म्हणून नव्हे, सूचना म्हणून शिकवा.

मिथेनॉल ओतून रंगीत ज्योती दाखवण्याचा प्रयोग करू नका. या प्रात्यक्षिकात भडका उडून मुलं भाजल्याच्या घटनांनंतर अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सुरक्षा समितीने २०१४ मध्ये तो बंद करायला सांगितलं. तेच रंग क्षारांच्या द्रावणात रात्रभर भिजवलेल्या लाकडी काड्या बर्नरच्या ज्योतीत धरून दिसतात. नारिंगी अमोनियम डायक्रोमेटचा ज्वालामुखीही नको. त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. आणि पारा हाताळायला देण्याचे दिवस गेले.

१९. वर्गात एक मुलगा रंगांधळा आहे, एक मुलगी दृष्टिहीन. दृश्य पद्धत त्यांच्यासाठी बंदच का?

मॉडेलमधले लाल-हिरवे गोळे ओळखू येत नसतील तर गोळ्यावर अक्षर कोरा किंवा मूलद्रव्यागणिक आकार बदला. दृष्टिहीन मुलीला मातीचं मॉडेल बाकीच्यांपेक्षा जास्त कळतं, हे मी पाहिलंय; मिठाच्या घनात सहा शेजारी तिने बोटांनी सगळ्यांत आधी मोजले. फुगे तर हातानेच मोजायचे असतात. आम्ल-आम्लारी ओळखायला वासाचे दर्शक वापरा: कांद्याचा आणि व्हॅनिलाचा वास आम्लात टिकतो, तीव्र आम्लारीत ओळखू येत नाही. सगळ्या वर्गाला डोळे मिटून हाच प्रयोग करायला द्या.

२०. प्रयोग फसला तर वर्गापुढे काय करायचं?

"असं व्हायला हवं होतं" म्हणून पुढे जाऊ नका. फसलेला निकाल तसाच फळ्यावर लिहा आणि संशयित विचारा: जुना सोडा? पातळ व्हिनेगर? गळका फुगा? एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा करा. प्रश्न ११ मधला रेटा मला असाच सापडला. तीन फुगे बदलले तरी वजन घटतच होतं.

२१. मुलांना खरंच कळलंय की नाही, हे कसं ओळखू?

व्याख्या विचारू नका. उकळत्या पाण्यातल्या एका बुडबुड्याचं, खूप मोठं करून, चित्र काढायला सांगा. कुणी त्यात हवा काढतं, कुणी सुटे हायड्रोजन आणि ऑक्सिजन. पाण्याचेच अख्खे रेणू, दूरदूर, मधली जागा कोरी, असं चित्र आलं तर पुढच्या धड्याला जायला हरकत नाही. नाही आलं तर तीस बाटल्या (प्रश्न ५) पुन्हा मांडा.